तिसऱ्या खिडकीतली चांदणी

हाचिओजी, ३ सप्टेंबर

योशिताका-सान,

उन्हाळा सरला म्हणायचं, पण उकाडा हटत नाही. कीटकांची किरकिर मात्र आपल्या वेळेवर सुरू झाली. तुमची प्रकृती ठीक असेल अशी आशा करते. चार वर्षांनी माझं अक्षर पाहून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. पाकीट फोडलंच आहे तर शेवटपर्यंत वाचा. कागद जाहिरातींचे पाठकोरे आहेत म्हणून राग मानू नका. कोरी पाठ मला टाकवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. शिनो म्हणायची, "आई अमिदा बुद्धाच्या शुद्धभूमीत पोचली ना, की आधी तिथले ढग उलटून बघेल, मागून कोरे आहेत का!"

रविवारच्या वर्तमानपत्रात तुमचा फोटो पाहिला. वाळला आहात. तुमच्या उपग्रहाला, चिदोरीला, विंचवाच्या राशीतल्या त्या प्रखर चांदणीशेजारी एक अंधुक चांदणी सापडली, असं छापलं होतं. क्ष-किरणांत तळपणारी, आजवर कुणी न पाहिलेली. येत्या आठ ऑक्टोबरला सेन्दाइच्या सभेत तुम्ही ती जाहीर करणार. वार्ताहरानं विचारलं, नाव काय ठेवणार? तुम्ही म्हणालात, "नाव सभेनंतर ठरेल. मी तिला एका नावानं हाक मारतो, पण ते सांगण्यासारखं नाही."

ते वाक्य मी दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा एकदा वाचलं.

तुमच्या लोकांची रीत मला नेहमी पटत आली. उपग्रह वर जाऊन नीट फिरू लागेपर्यंत त्याला नाव द्यायचं नाही, नुसता आकडा. आमच्या घरात दोन महिने त्याच्या तारांच्या चौकटी विणायला होत्या, तेव्हाही तो आकडाच होता. फेब्रुवारीत तो वर गेला आणि चिदोरी झाला, तेव्हा मी देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावली. म्हणून म्हणते, या चांदणीच्या नावाचीही घाई करू नका. आधी ती आहे हे ठरू दे.

बातमीत असंही होतं की ती उपग्रहाच्या चार खिडक्यांपैकी फक्त तिसऱ्या खिडकीत दिसते. तिसऱ्या खिडकीच्या चौकटी आमच्याकडच्या. म्हणून हे लिहायचं धाडस केलं.

तुम्ही आमच्या ओसरीवर हे कसं समजावून दिलं होतंत, ते मला अजून आठवतं. क्ष-किरणांना भिंगानं वळवता येत नाही, म्हणून उपग्रहाला चिक लावायची. उन्हाळ्यात दाराला सोडतो तशी, पण बांबूच्या काड्यांऐवजी तारांची, आणि एकामागे एक अशा दोन. उपग्रह स्वतःभोवती गिरकी घेतो तशी चांदणी त्या दोन चिकांमधून लुकलुकते, आणि लुकलुकण्याच्या तालावरून ती आकाशात कुठे आहे ते काढायचं. तुम्ही दोन चिका धरून उभे होतात आणि शिनो अंगणात कंदील घेऊन. ती मुद्दाम कंदील हलवायची. तुम्ही ओरडायचात, "चांदण्या अशा पळत नाहीत हो!" ती म्हणायची, "मी पळते. शोधा."

मी जेमतेम शाळा पुरी केलेली एक बाई. तुमच्या शास्त्रातलं मला काय कळणार? तरी विनंती आहे, थोडं थांबा.

हे बरे आहेत. डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, आता मला माणूस म्हणून ओळखतात.

त्सुनेयो मुराकोशी


१२ सप्टेंबर

योशिताका-सान,

तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं.

काल इनागाकी-सान आले होते. तुमच्या संस्थेतून निवृत्त झाले तरी तपासनिसाची खोड गेली नाही. बसायच्या आधी आमच्या दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं. हे मागाची फणी घासत बसले होते. सबंध गल्लीत आता दोनच माग चालतात, पण यांचा हात थांबत नाही.

"तोकुजी, दिसतंय का आता?" इनागाकी-सान म्हणाले. "चौकटींच्या वेळी तू बायकोला मांजर समजून हाका मारत होतास."

"मांजर बरं," हे म्हणाले. "एकदा ओरडून गप्प बसतं."

मी चहा आणि मुळ्याचं लोणचं पुढे ठेवलं आणि जवळच बसले. मला तुमच्याबद्दल ऐकायचं होतं.

इनागाकी-सान सांगत होते, "तुमचा जावई कुणाचं ऐकत नाही, बाई. सहा जणांनी सांगितलं, यंत्राचा खेळ असेल, वर्षभर थांब. तर म्हणतो, वर्षभरानं किरण टिपणाऱ्या खोक्यातला वायू झिरपून जाईल, मग काय भिंतीकडे बघू? खिडकीचा पत्रा केसाहून पातळ, वायू जाणारच, ते खरं आहे. पण आठ तारखेला हा उभा राहून बोलला आणि उद्या खोटं ठरलं, तर पुढच्या उपग्रहाला याला कुणी हात लावू देणार नाही. पस्तिशीत माणूस संपेल."

"चौकटी आमच्या आहेत," हे म्हणाले. "म्हणजे बरोबरच आहेत."

मी विचारलं, "एखादी तार ढिली पडली असेल तर?"

"ढिलीनं काही होत नाही. तार नसलीच तर उजेड गळतो. मग त्या प्रखर चांदणीचा उजेड भलत्या वेळी आत येतो, आणि आकड्यांना वाटतं, शेजारी दुसरी आहे. पण मी स्वतः दिव्यावर धरून मोजल्या आहेत. तीनशेच्या तीनशे. तुमच्या हातच्या चौकटीत तार नाही असं मी कसं म्हणू?"

मी किटली भरायला आत गेले. ती भरलेलीच होती.

योशिताका-सान, एक गोष्ट मी तेव्हा सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात, चौकटी न्यायला गाडी यायच्या आदल्या दिवशी, तिसऱ्या खिडकीच्या वरच्या चौकटीतली एक खुंटी निसटली आणि सात तारा एकदम तुटल्या. यांना तेव्हा दिसत नव्हतं. चौकटी मीच विणत होते, हे तुमच्या संस्थेला ठाऊक नव्हतं. ताण यांच्या बोटाचा, नजर माझी, असं आमचं चाललं होतं. त्या सात जागा मी एकटीनं भरून काढल्या. तेवढ्या तपासून घ्या, एवढंच म्हणणं आहे.

त्सुनेयो


२४ सप्टेंबर

योशिताका-सान,

तुमचं कार्ड पोचलं. "मुराकोशी-सान, तिसऱ्या खिडकीच्या वरच्या चौकटीची नोंद पाहिली. तीनशे तारा, सर्वांची जाडी आणि अंतर योग्य. भरून काढलेल्या तारा तपासणीत उत्तीर्ण झाल्या आहेत. आपल्या आठवणींची आवश्यकता नाही. शिनोविषयी कृपया लिहू नये."

पाच वाक्यं. त्यातली पहिली तिन्ही बरोबर आहेत, कारण मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. अर्धं सांगून मी तुमची खात्री आणखी पक्की केली, हे कार्ड वाचून लक्षात आलं. म्हणून आता उरलेलं लिहिते, आणि शिनोविषयी लिहिल्याशिवाय ते लिहिता येत नाही.

त्या सात तारा नाहीत. ते केस आहेत.

तुटल्या तेव्हा रीळ संपलं होतं. ती काळी तार तुमच्या संस्थेनं मोजून दिली होती. नवं रीळ मागवलं असतं तर तीन आठवडे गेले असते, आणि का लागलं हे सांगावं लागलं असतं. यांचे डोळे गेलेत हे कळलं असतं. आमच्या विणकरांच्या घरात ताण्यातला धागा तुटला आणि जोड द्यायला रेशीम उरलं नाही, तर बायका डोक्यावरचा केस ओढून घालतात. सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं. केस रेशमाहून दमाचा, आणि काळ्या कापडात त्याला कुणी ओळखत नाही. मी भिंगाखाली तार आणि केस शेजारी धरले. जाडी तीच, काळेपणा तोच. आमच्या धंद्यात जागा भरलेली दिसली की ती भरलेली असते. इनागाकी-सानांनी दिव्यावर धरून मोजल्या आणि त्यांनाही तसंच दिसलं. उजेडाला जे अडवतं ते तुमच्या किरणांनाही अडवेल, असं मी धरून चालले. तो माझा अडाणीपणा.

माझे केस तेव्हाच पिकले होते, ते चालले नसते. म्हणून शिनोचे घातले.

होय, वेणी आहे. बँकेत लागली तेव्हा तिनं कापलेली, किरीच्या लाकडाच्या पेटीतली. ती समुद्रात गेल्याला वर्ष झालं तेव्हा तुम्ही आला होतात. हाडं नाहीत, तर निदान अर्धी वेणी आमच्या कुसाकाबे घराण्याच्या थडग्यात ठेवू द्या, म्हणालात. मी म्हटलं, कसर लागली म्हणून जाळली. तुम्ही पांढरे पडलात. म्हणालात, "मला न बोलावता?" आणि पायातले बूट न बांधता निघून गेलात. ती जळली नव्हती. मला ती द्यायची नव्हती. त्याच्या वर्षभर आधी, उड्डाणाच्या गावाहून तुमचा फोन आला आणि तुम्ही सांगितलंत की ती गावच्या बायकांबरोबर खडकांवर शेवाळ गोळा करायला गेली आणि लाटेनं नेली, तेव्हा मी तुम्हाला काय बोलले ते तुम्ही विसरला नसाल. "उपग्रहाला चार पहारेकरी, आणि माझ्या पोरीला एक नाही?" तो राग माझ्यात तसाच बसला होता. तो मी वेणीवर काढला.

काल विषुवाच्या पूजेला देवळात गेले, तेव्हा उपाध्यायांना विचारलं. नाव घेतलं नाही. म्हटलं, एखाद्या आईनं मेलेल्या मुलीची वस्तू वर कुठेतरी पाठवली, ती खाली राहू नये म्हणून, तर तो अमिदा बुद्धावर अविश्वास होतो का?

ते ओहागी, गोड डाळीत घोळलेले भाताचे गोळे, खात होते. बोटाची डाळ पुसली आणि म्हणाले, "अमिदानं तिला केव्हाच उचललं आहे, बाई. तुम्ही तिला पुन्हा उचलायला गेलात, म्हणजे त्याच्या हातातून हिसकावलंत."

मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "तुम्हीही एक घ्या. तुम्ही खाल्लेला नाही."

केस पांढरे म्हणून तिचे घातले, हे वर लिहिलं ते खरं आहे. पण सगळं नाही. पहिला केस मी गरज म्हणून ओवला. दुसऱ्यापासून मी नामस्मरण करत होते. ती समुद्राच्या तळाशी आहे हे मला सोसवत नव्हतं.

यांना आज सकाळी सांगितलं. हे फणीचे दात लावत होते.

"किती?"

"सात."

"ताण?"

"बोटानं."

"तुटले नाहीत?"

"नाहीत."

"मला दिसत असतं तर मी ओळखलं असतं," म्हणाले, आणि बराच वेळ दात लावत राहिले. मग विचारलं, "पोरीचे?"

मी मान हलवली. ते उठून मागच्या अंगणात गेले आणि दुपारपर्यंत तिथेच बसले. दुकानाचं नाव जाईल, असं एकदाही म्हणाले नाहीत. मी वाट बघत होते.

सोबत घडीच्या कागदात सात केस पाठवते आहे. तुमच्याकडे क्ष-किरणांचा दिवा आहे. त्यापुढे धरा आणि शेजारी तुमची तार धरा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, केसांवर ठेवा. आठ तारखेला चौदा दिवस आहेत.

त्सुनेयो


४ ऑक्टोबर

योशिताका-सान,

परवा मी तुमच्या प्रयोगशाळेत आले आणि जे बोलायला आले ते न बोलताच परतले, म्हणून हे लिहिते. यांनी ते जलद टपालानं टाकायचं कबूल केलं आहे.

तुम्ही मला दारात "मुराकोशी-सान" म्हणालात आणि खुर्ची दिली. इनागाकी-सान आधीच खोलीत होते. तुम्ही त्यांना मदतीला बोलावलंत याचं मला बरं वाटलं. टेबलाच्या एका टोकाला शिशाच्या आडोशामागे तो दिवा, दुसऱ्या टोकाला चिदोरीत आहे तसलं वायूचं खोकं, आणि त्याला जोडलेला लहानसा भोंगा. मधे काही नव्हतं तेव्हा भोंग्यातून टिकटिक येत होती, पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तशी. इनागाकी-सानांनी बारीक फटीवर सात तारा चिकटून ताणून लावलेला पुठ्ठा मधे सरकवला. टिकटिक जवळजवळ थांबली. मग त्यांनी तो काढून केसांचा पुठ्ठा सरकवला.

टिकटिक जशीच्या तशी परत आली. मधे काहीच नसल्यासारखी.

"पुन्हा," तुम्ही म्हणालात.

इनागाकी-सानांनी पुन्हा केलं.

"पुन्हा."

तिसऱ्यांदा ते थकून म्हणाले, "योशिताका, दहा वेळा केलं तरी केस शिसं व्हायचा नाही रे." मग माझ्याकडे वळले. "आणि मी दिव्यावर धरून मोजत बसलो होतो. चाळीस वर्षं काय शिकलो, तर बायकांचे केस मोजायला."

तुम्ही त्यांना जरा बाहेर थांबायला सांगितलंत. दिवा बंद केला नाहीत. केस तसेच मधे होते, भोंगा वाजत होता.

मला वाटलं, तुम्ही आता ओरडाल. मी त्यासाठी मनाची तयारी करून आले होते. पण तुम्ही हळू बोललात, आणि ते मला ओरडण्याहून जड गेलं. तुम्ही म्हणालात, "आठ महिने झाले. उड्डाणाच्या गावाहून दर फेरीचे आकडे येतात. मी आधी तिसऱ्या खिडकीचेच बघतो. पहिल्यांदा तो ठिपका दिसला तेव्हा का कोण जाणे, माझ्या तोंडून तिचं नाव गेलं. मला वाटलं, मी बिघडतो आहे. रोज बघायचं, रोज तिथेच. इतर सगळे म्हणायचे, तिथे काही नाही. आई, आता तुम्ही सांगता आहात की ती चांदणी तिचीच होती. मी वेडा नव्हतो."

तुम्ही मला आई म्हणालात. कदाचित तुमच्या लक्षात आलं नसेल.

मी म्हटलं, "म्हणजे आता सभेत सांगायचं नाही."

"का नाही? कुणाला ठाऊक आहे? तुम्हा दोघांना, मला, आणि बाहेर बसलेल्या एका म्हाताऱ्याला. वर्षभरात वायू संपेल, मग कुणाला पडताळताही येणार नाही. यादीत एक चांदणी राहील. तिच्या नावाची." मग मला विचारलंत, "त्या सात तारा कुठल्या, ते तुम्ही लिहिलं नाहीत. पहिलीपासून तीनशेपर्यंत कुठल्या? ते कळल्याशिवाय तो गळणारा उजेड आकड्यांतून नेमका वजा करता येत नाही. अंदाजानं केला तर शेजारच्या खऱ्या चांदण्याही पुसल्या जातील. तुम्ही सगळं लिहिलंत, तेवढं नाही. का?"

मी वेणीचा अर्धा भाग फडक्यात बांधून टेबलावर ठेवला आणि उठले. तुम्ही फडक्याला हात लावला नाहीत. पण इनागाकी-सान मला स्टेशनपर्यंत सोडायला निघाले, तेव्हा मी मागे वळून पाहिलं, तर ते तुमच्या खिशात होतं, गाठ न सोडता.

उत्तर आता देते.

तुम्हाला जे झालं तेच मला झालं. बातमी वाचली त्या दिवसापासून मला ठाऊक होतं, आणि त्या दिवसापासून मी हळूहळू सांगत होते. आधी थांबा म्हटलं, मग तारा तुटल्या म्हटलं, मग केस म्हटलं. दर वेळी आकडा तेवढा मागे ठेवला. तो दिला की ती पुसली जाणार. आकाशात एक ठिपका आहे, त्यात तिचे केस आहेत, आणि कुणीतरी तो रोज आधी बघतो, या गोष्टीवर मी महिनाभर जगले. तुम्ही आठ महिने जगलात. आपण दोघांनी तिला तिथे बसवून ठेवलं आहे, योशिताका-सान. ती तिथे येऊन बसलेली नाही. तिथे जो उजेड दिसतो तो विंचवातल्या दुसऱ्याच एका चांदणीचा आहे, जिचा आपल्याशी काही संबंध नाही. आणि यादीत तिचं नाव लागलं, तर पुढचे कितीतरी लोक दुर्बिणी वळवून तिला शोधतील, आणि त्यांना ती सापडणार नाही. एकदा तिला तसं शोधलं आहे. अकरा दिवस, बावीस होड्या. दुसऱ्यांदा मला ते नको.

शिनोला खोटं चालायचं नाही. कंदील हलवायची, पण विचारलं की कबूल करायची.

तेव्हा लिहून घ्या. तिसरी खिडकी, वरची चौकट. ज्या कोपऱ्यावर यांची खूण कोरली आहे तिथून मोजायला लागायचं. एकशे एकोणसाठपासून एकशे पासष्टपर्यंत, दोन्ही धरून. एकशे बासष्टावा ओवताना जरा डावीकडे झुकला होता, केसाच्या निम्म्या जाडीएवढा. मी तो सरळ केला नाही, कारण पुन्हा ओढला असता तर तुटला असता. माझ्या कामाच्या वहीत त्या दिवशीच्या पानावर हे आकडे आहेत. पान फाडून सोबत जोडलं आहे, म्हणजे माझ्याकडे काही राहिलं नाही.

आता पुसा.

त्सुनेयो


१३ ऑक्टोबर

योशिताका-सान,

सकाळी दाराशी पाय गार पडतात आता. तुमची प्रकृती कशी आहे? जेवता का?

काल इनागाकी-सान सेन्दाइहून थेट आमच्याकडे आले. यांनी त्यांना बसूही दिलं नाही. "बोल," म्हणाले, "जोडे नंतर काढ."

त्यांनी सांगितलं ते असं. तुम्हाला पंधरा मिनिटं होती, तुम्ही सहाच घेतलीत. म्हणालात, मी जी चांदणी जाहीर करणार होतो ती नाही. वरच्या चौकटीतल्या सात तारा किरणांना अडवत नाहीत, त्यांचे क्रमांक असे, आणि ते धरून आठ महिन्यांचे आकडे पुन्हा मांडले आहेत. मागच्या रांगेतून कुणी विचारलं, तारेऐवजी काय होतं? तुम्ही म्हणालात, "माणसाचे केस." सभागृहात हसू फुटलं. तुम्ही ते ओसरेपर्यंत थांबलात आणि पुढचा तक्ता लावलात. त्या तक्त्यावर चार खऱ्या चांदण्यांच्या जागा आधीपेक्षा जास्त नेमक्या आल्या होत्या. ते पाहून पुढे बसलेले दोन वयस्क गृहस्थ वहीत काहीतरी लिहू लागले.

"बढती गेली त्याची," इनागाकी-सान म्हणाले. "पण पुढच्या उपग्रहावर त्याचं नाव आहे. मोठे लोक म्हणतात, चूक स्वतः शोधून स्वतः सांगणारा माणूस चौकटी तपासायला ठेवा." मग यांच्याकडे पाहिलं. "चौकटी मात्र तुझ्या नसतील, तोकुजी. ते मी तुला सांगायला आलो."

"मला दिसतंय आता," हे म्हणाले.

"दिसतंय म्हणूनच सांगतो."

यांनी हातातली फणी खाली ठेवली. मग म्हणाले, "जोडे काढ." आणि दोघं फण्यांवरून भांडत बसले.

तुम्ही पाठवलेले दोन कागद मिळाले. पहिल्यावर ठिपका आहे. दुसऱ्यावर तिथे कोरं आहे. मी दुसरा कागद खिडकीशी नेऊन पाहिला. पाठही कोरी होती. त्यावर लिहायला हात धजला नाही. तो पेटीत ठेवला.

तुम्ही लिहिलंत की नोव्हेंबरात तुमच्या गावी, मात्सुमोतोला, थडग्याचा दगड उचलून फडकं आत ठेवणार, आणि आम्ही यावं. आम्ही येऊ. तिथल्या सफरचंदांच्या दिवसांत याल तर पोटभर खाल, असं शिनो मला दर वर्षी लिहायची, आणि दर वर्षी मी म्हणायची, पुढच्या वर्षी.

इनागाकी-सान निघताना एक बोलले, ते कालपासून डोक्यातून जात नाही. मी त्यांना म्हटलं, "म्हणजे आता सगळं पुसलं गेलं." ते जोड्याची नाडी बांधत म्हणाले, "पुसलं ते जमिनीवर, बाई. वर काय बदललं? चिदोरी गिरक्या घेतोच आहे. दर गिरकीला त्या केसांमधून उजेड आत येतो आणि खोक्यात टिक होतं. इथे फक्त आम्ही ते वजा करतो."

जन्मभर घरात जे घडलं ते मी लिहून ठेवत आले. आता वर एक गोष्ट रोज घडणार, खोक्यातला वायू संपेपर्यंत, आणि ती कुठे लिहायची नाही. सकाळी तांदूळ धुताना मी मनात त्या गिरक्या मोजायला लागले होते. चौदाव्या गिरकीला थांबले.

तुमची,
आई